महाडहून विमानतळ किती दूर?
नकाशावरचे हवाई अंतर, रस्त्यावरचे किलोमीटर आणि घाटातला वेळ यांचा हिशेब

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके आहेत. या दोन्ही तालुक्यांत प्रवासी विमानतळ नाही. तरीही विमानतळाचा प्रश्न येथील घराघरांत निघतो. महाड परिसरातील अनेक कुटुंबांतील माणसे आखाती देशांत नोकरीस आहेत. शिक्षणासाठी व व्यवसायासाठी देशभर जाणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. रायगडावर येणारे परप्रांतीय पर्यटकही विमानाने येऊन पुढचा प्रवास रस्त्याने करतात. या सर्वांचा पहिला प्रश्न एकच असतो : जवळचा विमानतळ कोणता आणि तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो?

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. नकाशावर पट्टी ठेवून मोजल्यास जवळचा विमानतळ पुण्याचा ठरतो. प्रत्यक्षात महाडकर मुंबईच्या दिशेने निघतो. या विसंगतीचे कारण सह्याद्रीच्या भिंतीत आहे.

हवाई अंतर म्हणजे काय?

दोन ठिकाणांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर. पृथ्वी गोल असल्याने ही रेषा काटेकोरपणे सरळ नसते. ती एका मोठ्या वर्तुळाचा कंस असते. मुंबई ते न्यूयॉर्कसारख्या दूरच्या प्रवासात हा फरक ठळकपणे जाणवतो. शेदोनशे किलोमीटरच्या अंतरात मात्र तो नगण्य असतो, आणि शालेय भूमितीच्या आधारेही बऱ्यापैकी अचूक उत्तर मिळते.

महाड आणि पुणे विमानतळ यांचेच उदाहरण घेता येईल. महाडचे स्थान साधारण १८.०८ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.४२ अंश पूर्व रेखांशावर आहे. लोहगाव येथील पुणे विमानतळ १८.५८ अंश अक्षांश आणि ७३.९२ अंश रेखांशावर येतो. म्हणजे दोन्ही दिशांनी फरक अर्ध्या अंशाचा आहे. या भागात अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, तर रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटरचा भरतो. त्यानुसार पुणे विमानतळ महाडच्या उत्तरेस सुमारे ५५ आणि पूर्वेस सुमारे ५३ किलोमीटर आहे. या दोन बाजूंवरून पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण काढला की उत्तर मिळते ७७ किलोमीटर.

विमान वाहतुकीत मात्र किलोमीटरऐवजी सागरी मैल वापरला जातो. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एका भागाची लांबी जवळपास तेवढीच येते. नकाशावरून अंतर काढणे सोपे जावे, म्हणून जहाजांच्या काळापासून हे माप चालत आले आणि विमानांनीही ते स्वीकारले.

तीन विमानतळ, तीन हिशेब

महाड व पोलादपूरच्या प्रवाशांपुढे मुख्यतः तीन पर्याय आहेत : मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ, पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ. यांपैकी नवी मुंबई विमानतळाचे उद्‍घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. तिन्ही ठिकाणांची अंतरे स्थूलमानाने पुढीलप्रमाणे आहेत.

महाड ते पुणे विमानतळ : हवाई अंतर ७७ किलोमीटर, वरंध घाटाने रस्ता सुमारे १३० किलोमीटर.
महाड ते नवी मुंबई विमानतळ : हवाई अंतर १०७ किलोमीटर, महामार्गाने सुमारे १२५ किलोमीटर.
महाड ते मुंबई विमानतळ : हवाई अंतर १२५ किलोमीटर, महामार्गाने सुमारे १६५ किलोमीटर.
पोलादपूर ते पुणे विमानतळ : हवाई अंतर ८१ किलोमीटर, आंबेनळी घाट व महाबळेश्वरमार्गे सुमारे १७० किलोमीटर.
पोलादपूर ते नवी मुंबई विमानतळ : हवाई अंतर ११९ किलोमीटर; महामार्गाने सुमारे १४५ किलोमीटर.

या आकड्यांतील पहिल्या दोन ओळी ताडून पाहण्यासारख्या आहेत. हवाई अंतराच्या दृष्टीने पुणे हे नवी मुंबईपेक्षा ३० किलोमीटर जवळ आहे. रस्त्याने पाहिले तर ही आघाडी पूर्णपणे पुसली जाते. पुण्याच्या वाटेवर प्रत्येक हवाई किलोमीटरमागे रस्त्याचे सुमारे १.७ किलोमीटर कापावे लागतात. नवी मुंबईच्या वाटेवर हेच प्रमाण सुमारे १.२ आहे. कारण उघड आहे. मुंबईचा रस्ता कोकणपट्टीच्या लांबीने, सह्याद्रीला समांतर जातो. पुण्याचा रस्ता सह्याद्री ओलांडून जातो.

घाटाचे गणित

डोंगरातला रस्ता लांब का होतो, हे पोलादपूर ते महाबळेश्वर या मार्गावरून स्पष्ट होते. दोन्ही गावांतील हवाई अंतर जेमतेम २१ किलोमीटर आहे. आंबेनळी घाटाचा रस्ता मात्र सुमारे ४० किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ दुप्पट आहे.

पोलादपूर हे सावित्रीच्या खोऱ्यातील सखल गाव आहे, तर महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे वाहनाला सव्वा किलोमीटरहून अधिक उंची चढून जावी लागते. अवजड वाहनांना झेपेल असा चढ साधारण वीसास एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा धरला जातो. या हिशेबाने निव्वळ उंची गाठण्यासाठीच सुमारे २५ किलोमीटरचा रस्ता लागतो. कड्याच्या पोटात एवढी लांबी बसवायची तर रस्ता नागमोडी करण्यावाचून गत्यंतर नसते.

लांबीबरोबर वेगही घटतो. महामार्गावर ताशी ६० ते ७० किलोमीटरने जाणारे वाहन घाटातील वळणांवर २५ ते ३० वर येते. त्यामुळे दुप्पट अंतराला दुप्पट नव्हे, तर चौपट वेळ लागतो. आंबेनळी घाट चढून जाण्यास सव्वा ते दीड तास धरावा लागतो, तो यामुळेच. पुण्याकडे जाणारा वरंध घाट तुलनेने कमी उंचीचा असला, तरी भोरपर्यंतचा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे. म्हणून अनेक वाहनचालक महाडहून आधी उत्तरेस माणगावला जातात आणि तेथून ताम्हिणी घाटाने मुळशीमार्गे पुणे गाठतात. हा रस्ता थोडा लांब असूनही पावसाळ्यात अधिक भरवशाचा मानला जातो.

विमानाचा वेळ कसा ठरतो?

विमानप्रवासाच्या वेळेबाबतही असाच एक गैरसमज आढळतो. अंतराला वेगाने भागले की वेळ मिळते, हे शाळेतील सूत्र येथे पुरत नाही. मुंबई ते गोव्यातील दाबोळी विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ४२३ किलोमीटर आहे. ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झालेला मोपा येथील विमानतळ सुमारे ३८५ किलोमीटरवर आहे. जेट विमानाचा आकाशातील वेग ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास असतो. सूत्रानुसार अर्ध्या तासात गोवा यावयास हवा. वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपासची वेळ दिलेली असते.

त्याची कारणे अशी. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाणाची पाळी येण्याची वाट पाहणे, उतरल्यावर पुन्हा जागेपर्यंत येणे, हे सारे त्यात धरलेले असते. मुंबईच्या मुख्य धावपट्टीची दिशा पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेकडे उड्डाण केलेले विमान आधी समुद्रावर जाते आणि मग दक्षिणेस वळते. चढताना व उतरताना वेग कमी असतो. जवळच्या प्रवासात विमान पूर्ण वेगाने फार थोडा वेळ उडते.

तरीही रस्त्याशी तुलना करता हा वेळ नगण्यच. मुंबई आणि दाबोळी यांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर काढली तर ती म्हसळ्याजवळून, म्हणजे महाडच्या पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरवरून जाते. हवेत झेपावल्यावर सुमारे पाव तासात विमान महाडच्या अक्षांशावर येते. त्याच वेळी मुंबईहून निघालेली एसटी वाशी खाडीही ओलांडू शकलेली नसते.

आणखी एक तुलना आखाताशी संबंध असलेल्या घरांना चांगली परिचयाची आहे. मुंबई ते दुबई हे हवाई अंतर १,९०० किलोमीटरहून अधिक आहे आणि विमानाला सुमारे तीन तास लागतात. मुंबई विमानतळावर उतरल्यावर महाडपर्यंतचे १६५ किलोमीटर कापण्यास चार ते पाच तास सहज जातात. गणेशोत्सवाच्या आधीच्या दिवसांत याहून अधिक. प्रवासाचा मोठा भाग परदेशातून मुंबईला येण्यात नव्हे, तर मुंबईहून गावी जाण्यात खर्च होतो.

जलमार्गापासून महामार्गापर्यंत

महाडचे मुंबईशी असलेले नाते एकेकाळी रस्त्याचे नव्हते, पाण्याचे होते. सावित्री नदी बाणकोटजवळ समुद्राला मिळते. तिच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते थेट महाडच्या परिसरापर्यंत येत. महाडजवळील दासगाव हे बंदर बोटवाहतुकीसाठी प्रसिद्ध होते.

त्या काळातील प्रवासाला किती वेळ लागे, याची एक ऐतिहासिक नोंद उपलब्ध आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह मुंबईहून ‘पद्मावती’ या बोटीने निघाले. २४ डिसेंबरला सकाळी निघालेली ही मंडळी वाटेत हरिहरेश्वर येथे रात्रीचा मुक्काम करून २५ डिसेंबरला दुपारी दासगावला उतरली. तेथून महाड पाच मैल. धरमतरपर्यंत बोटीने आणि पुढे मोटारीने, असा दुसरा मार्ग होता. परंतु मोटारमालक बहिष्कार टाकून अडवणूक करतील, अशी शक्यता होती. म्हणून दासगावचा लांबचा मार्ग पत्करावा लागला. आज नकाशावर १२५ किलोमीटर दिसणाऱ्या या अंतराला तेव्हा सव्वा दिवस लागला. मार्ग कोणता घ्यावा हे ठरविण्यास भूगोलाइतकीच समाजाची रचनाही कारण होती, हे या प्रवासावरून ध्यानात येते.

पुढे मुंबई-गोवा महामार्गाने जलमार्गाची जागा घेतली. पूर्वी सतरा क्रमांकाने ओळखला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग आता सहासष्ट क्रमांकाचा आहे. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण करण्यात आला. मात्र रेल्वे महाड शहराला शिवत नाही. वीर, करंजाडी, विन्हेरे ही स्थानके तालुक्यात असली तरी शहरापासून दूर आहेत. पोलादपूरला तर रेल्वे स्थानकच नाही. त्यामुळे या दोन्ही गावांचा भार आजही रस्त्यावरच आहे.

एका पुलाचे आणि एका बोगद्याचे अंतर

रस्त्यावरचे अंतर स्थिर नसते, याचा कठोर प्रत्यय २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री आला. महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी बस आणि काही खासगी वाहने प्रवाशांसह नदीत गेली. त्या जागी उभारलेला नवा पूल ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला. पुलाच्या बांधकामाला १६५ दिवस लागले. जुन्या पुलांच्या तपासणीचा प्रश्न या दुर्घटनेनंतर राज्यभर ऐरणीवर आला.

उलट बाजूचे उदाहरण कशेडी घाटाचे. पोलादपूर आणि खेड यांच्या दरम्यानचा हा घाट ओलांडण्यास पाऊण तास लागत असे. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या जोडबोगद्यांपैकी एक बोगदा सप्टेंबर २०२३ मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर हलक्या वाहनांसाठी तात्पुरता खुला करण्यात आला, आणि तेच अंतर दहा-पंधरा मिनिटांवर आले. बोगद्याने केले ते एवढेच : रस्त्याला हवाई रेषेच्या जवळ नेले.

महाड तालुक्यात याच तत्त्वाचे आणखी एक रूप पाहावयास मिळते. रायगड किल्ल्यावर चढून जाण्यास धडधाकट माणसालाही दीड-दोन तास लागतात. १९९६ मध्ये सुरू झालेला रोपवे हेच अंतर चार-पाच मिनिटांत पार करतो. वृद्धांना व लहान मुलांना गड पाहता येऊ लागला, तो या सरळ रेषेमुळे.

आपत्तीच्या दिवशीचे अंतर

विमान चुकले तर दुसरे मिळते. पण रस्त्याच्या अंतरावर जेव्हा जीव अवलंबून असतो, तेव्हा या हिशेबाचे खरे गांभीर्य कळते. जुलै २००५ मधील अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही जीवितहानी झाली. महाड शहर पुराच्या पाण्यात होते, रस्त्यांवर दरडी आल्या होत्या. बचाव पथकांना तळियेपर्यंत पोहोचण्यास विलंब झाला.

अशा वेळी हेलिकॉप्टर हा सरळ रेषेतला एकमेव मार्ग. परंतु जुलैमध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर ढग इतके खाली उतरलेले असतात, की खोऱ्यात हेलिकॉप्टर उतरविणे धोक्याचे होते. म्हणजे हवाई अंतराची सर्वाधिक गरज ज्या दिवशी असते, नेमक्या त्याच दिवशी ते उपयोगी पडेल याची खात्री नसते. आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ पुण्याला किंवा मुंबईला न ठेवता महाडमध्येच असावा, ही मागणी या अनुभवातून पुढे आली. पथक जवळ असणे याचा अर्थ येथे नकाशावर जवळ असणे असा नाही. पथक आणि गाव यांच्यामध्ये घाट व पूर नसणे, असा आहे.

आंबेनळी घाटाचीही अशीच दुःखद आठवण आहे. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस या घाटात खोल दरीत कोसळली. बसमधील फक्त एकजण वाचला. दरीत उतरून मृतदेह वर काढण्यासाठी गिर्यारोहकांची मदत घ्यावी लागली. रस्ता आणि दरीचा तळ यांच्यातील काही शे फुटांचे अंतर त्या दिवशी कोणत्याही किलोमीटरपेक्षा मोठे ठरले.

प्रवाशांनी काय ध्यानात घ्यावे?

हिवाळ्यात व उन्हाळ्यात महाडहून पुणे विमानतळासाठी चार तास, नवी मुंबईसाठी साडेतीन ते चार तास आणि मुंबईसाठी पाच तास हाताशी ठेवणे व्यवहार्य ठरते. पोलादपूरहून निघणाऱ्यांनी यात आणखी अर्धा तास धरावा. देशांतर्गत उड्डाणासाठी दोन तास व आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचावे लागते. हा वेळ वेगळा.

पावसाळ्यात हे सारे वेळापत्रक बदलते. वरंध घाट पावसाळ्यात अवजड वाहनांसाठी, तर कधी सर्वच वाहनांसाठी बंद ठेवला जातो. आंबेनळी घाटातही दरडींमुळे वाहतूक खंडित होते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात पुण्याहून विमान पकडायचे असल्यास निघण्यापूर्वी घाट सुरू असल्याची खात्री करून घ्यावी आणि ताम्हिणीचा पर्याय मनात ठेवावा. पहाटेचे उड्डाण असेल तर आदल्या दिवशी दुपारीच निघून शहरात मुक्काम करणे श्रेयस्कर. गणेशोत्सवात आणि मे महिन्याच्या सुट्टीत महामार्गावरील कोंडी लक्षात घेऊन दोन तासांची भर घालावी.

संगणकावर दोन ठिकाणांची नावे टाकली की हवाई अंतर क्षणात मिळते. ते आकडे चुकीचे नसतात. पण ते पक्ष्याचे अंतर सांगतात, माणसाचे नव्हे. महाड-पोलादपूरच्या जुन्या माणसांना विचारले तर ती अमुक गाव इतके किलोमीटर असे सहसा सांगत नाहीत. ‘दोन तासांची वाट’ किंवा ‘पाऊस नसेल तर संध्याकाळपर्यंत पोहोचाल’ असे सांगतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी अंतर मोजण्याचे हेच माप अधिक खरे आहे.